नर्मदेची रेघ : खचदरी, सांधा की उठाव?

नर्मदेबद्दल शाळेत शिकलेली दोन वाक्ये बहुतेकांना आयुष्यभर पुरतात. नर्मदा खचदरीतून वाहते, म्हणून ती पश्चिमेला जाते. आणि दोन खचदऱ्यांच्या मधे उभा राहिलेला सातपुडा हा गट पर्वत आहे. ही वाक्ये चूक आहेत असे कोणी भूशास्त्रज्ञ म्हणणार नाही. मात्र ती खचदरी नेमकी केव्हा पडली, सातपुडा केव्हा उठला आणि ही दोन्ही कामे एकाच हालचालीची आहेत की वेगवेगळ्या काळांतल्या अनेक हालचालींची, असे विचारले की उत्तरे फुटू लागतात. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत या प्रश्नावर झालेल्या कामाचा हा आढावा आहे.

आढाव्याच्या मध्यभागी जबलपूर ठेवण्याला कारण आहे. भेडाघाटचा संगमरवर, मदनमहालचा ग्रॅनाइट, गोंडवन काळातले वालुकाश्म, लमेटाघाटचे चुनखडीयुक्त थर, त्यांवर पसरलेला काळा बेसाल्ट आणि या सगळ्यांना कापत जाणाऱ्या नर्मदेचा गाळ हे सारे या शहराच्या आसपास एका दिवसात पाहून होते. सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वीपासून आजपर्यंतचा इतिहास इतक्या छोट्या जागेत क्वचित सापडतो. त्यामुळे नर्मदेच्या रेघेबद्दल कोणी काहीही सिद्धान्त मांडला, तरी त्याला जबलपूरला येऊन हिशेब द्यावा लागतो.

रेघ कशी दिसली

जबलपूरच्या खडकांकडे पहिल्यांदा लक्ष गेले ते हाडांमुळे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विल्यम स्लीमनला १८२८ मध्ये छावणीजवळच्या बडा शिमला टेकडीत अश्मीभूत हाडे मिळाली. त्यांतल्याच अवशेषांवरून रिचर्ड लायडेकरने १८७७ मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पण डोंगर आणि द्रोणी यांचा प्रश्न सुरू झाला तो नकाशांपासून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१ ची. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच जोसेफ मेडलिकॉटने नर्मदेच्या मध्यभागाची पाहणी करून लमेटाचे थर वेगळे ओळखले. त्याचा भाऊ हेन्री याने सातपुड्यातल्या कोळशाच्या द्रोणीचे वर्णन केले, आणि १८७२ मध्ये या थरांसाठी ‘गोंडवन’ हे नाव सुचवले. जबलपूरशेजारच्या गढ्याच्या गोंड राज्याची आठवण असलेले हे नाव पुढे दक्षिण गोलार्धातल्या एका अख्ख्या महाखंडाला मिळाले.

या नकाशांतून एक विचित्र गोष्ट पुढे आली. नर्मदा आणि शोण या दोन नद्या एकमेकींच्या उलट दिशांना जातात, पण त्यांची खोरी जोडली तर गुजरातपासून बिहारकडे जाणारी जवळजवळ सरळ रेघ तयार होते. रेघेच्या उत्तरेला विंध्य समूहाचे जाड गाळाचे खडक आहेत, दक्षिणेला ते नाहीत. गोंडवनाचे खडक दक्षिणेला भरपूर आहेत, उत्तरेला जवळपास नाहीत. म्हणजे आधी एक बाजू खाली जाऊन गाळ साठवत होती आणि कोट्यवधी वर्षांनंतर दुसरी. सर्वेक्षणाचे माजी प्रमुख आणि नंतर सागर विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग उभा करणारे डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९६२ मध्ये ‘करंट सायन्स’मधल्या छोट्या टिपणात या रेघेचा प्रश्न मांडला. हे टिपण दोन पानांचे आहे. त्याने सुरू केलेली चर्चा अजून संपलेली नाही. पुढे व्ही. डी. चौबे यांनी १९७१ मध्ये ‘नेचर’च्या भौतिकविज्ञान आवृत्तीत तिच्यावर लिहिले, आणि सर्वेक्षणाने नर्मदा-शोण-तापी पट्ट्याच्या भूकवचाचा खास प्रकल्पच हाती घेतला.

वेस्ट यांच्या टिपणाच्या आधीच एक वेगळा प्रश्न प्राणिशास्त्रातून आला होता. सुंदरलाल होरा यांना ईशान्य भारतातल्या डोंगरी ओढ्यांतल्या माशांचे नातेवाईक थेट सह्याद्रीत दिसत होते. हे मासे विंध्य-सातपुड्याच्या वाटेने आले असावेत, हा त्यांचा ‘सातपुडा सिद्धान्त’. त्यासाठी सातपुडा एकेकाळी अधिक उंच, अधिक ओला आणि सलग असायला हवा होता. भूशास्त्राच्या बाजूने त्याची तपासणी १९४९ मध्ये जे. बी. ऑडेन यांनी केली. हे कवी डब्ल्यू. एच. ऑडेनचे भाऊ. सातपुड्याची उंची केव्हाची, या आजच्या कळीच्या प्रश्नाला माशांच्या निमित्ताने तोंड फुटले होते, हे आज फारसे कोणी आठवत नाही.

पहिला पक्ष : हा जुना सांधा आहे

नागपूरहून जबलपूरला जाताना रामटेक मागे पडल्यावर देवलापार लागते. याच परिसरातल्या खडकांवरून वेस्ट यांनी १९३६ मध्ये दाखवले की इथले थर नुसते दुमडलेले नाहीत. त्यांची एक चादर आडवी सरकून दुसऱ्या खडकांवर जाऊन बसली आहे. अशी रचना तोवर आल्प्ससारख्या तरुण पर्वतांत ओळखली जात होती. विदर्भाच्या सपाट, झिजलेल्या जमिनीखाली एका मोठ्या पर्वतरांगेची मुळे आहेत, असा त्याचा अर्थ होतो. देवलापारच्या रचनेची पुढे अनेकदा फेरतपासणी झाली आणि तपशील बदलले, तरी मूळ मुद्दा टिकला.

हा सारा सौसर पट्टा. छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट या जिल्ह्यांत पसरलेला. मनसर, कांद्री, डोंगरी बुजुर्ग, भरवेली इथल्या मँगनीजच्या खाणी याच थरांत आहेत, आणि लुई फर्मर यांच्या १९०९ च्या ग्रंथापासून हे थर जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. उत्तरेला जबलपूरजवळ महाकोशल समूहाचा पट्टा आहे. भेडाघाटचा दुमडलेला डोलोमाइटी संगमरवर त्यातलाच. हे पट्टे आणि त्यांच्यामधले विभंग (खडक सरकलेल्या भेगा) मिळून जो भाग होतो त्याला मध्य भारतीय सांरचनिक पट्टा म्हणतात. त्याच्या उत्तरेला बुंदेलखंडाचे प्राचीन भूखंड आहे, दक्षिणेला बस्तरचे. दोन्ही एकेकाळी वेगळी होती आणि इथे जुळली, यावर आज बहुतेकांचे एकमत आहे.

वाद कसा जुळली आणि केव्हा जुळली यावर आहे. डी. बी. येडेकर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सौसर पट्ट्याच्या दक्षिण कडेला टकरीचा सांधा दाखवला आणि उत्तरेचे भूखंड दक्षिणेखाली गेले असे मांडले. इतरांनी ही दिशा उलटी घेतली. गुरुत्व आणि विद्युतवाहकतेची मोजमापे एकत्र करून नागांजनेयुलु आणि संतोष यांनी २०१० मध्ये दोन्ही बाजूंनी कवच खाली गेल्याचे सुचवले. काळाबद्दलचा मतभेद याहून मोठा आहे. बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या तांब्याच्या खनिजीकरणाचे वय सुमारे २४९ कोटी वर्षे निघाले आहे. ते टकरीच्या काळाशी जोडणारे संशोधक आहेत. खरगपूरच्या भौमिक यांच्या गटाने सौसर पट्ट्यातल्या रूपांतरित खडकांच्या खनिजांवरून मुख्य टक्कर सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीची असल्याचे दाखवले. या दोन तारखांमधे दीडशे कोटी वर्षांचे अंतर आहे. त्या काळात कदाचित एकाहून अधिक टकरी झाल्या असतील, आणि माझ्या समजुतीने पुराव्याचे वजन आता त्याच बाजूला झुकते आहे. पण प्रत्येक टकरीची हद्द कुठे होती हे दाखवता आलेले नाही.

दुसरा पक्ष : ही खचदरी आहे

सांधा कितीही जुना असला, तरी कवच तिथे कमकुवत राहते आणि ताण आला की पुन्हा तिथेच उघडते. खचदरीच्या बाजूचे लोक त्यामुळे सांध्याच्या बाजूला विरोध करत नाहीत. ते सांध्यानंतरच्या काळाबद्दल बोलत असतात.

त्यांचा सर्वात भक्कम पुरावा सातपुड्यातल्या गोंडवन द्रोणीत आहे. एच. क्रूकशँक यांनी १९३६ मध्ये मोरंड आणि शेर नद्यांमधल्या उत्तर उताराचे तपशीलवार वर्णन केले. पेंच-कान्हानचा कोळसा, पचमढीचा वालुकाश्म आणि सर्वांत वर जबलपूर थर अशी ही कित्येक किलोमीटर जाडीची रास जवळपास वीस कोटी वर्षे साचत होती. एवढा गाळ साठायचा तर तळ सतत खचत राहायला हवा. पूर्वी ही साधी ताणाने पडलेली खचदरी मानली जाई. चक्रवर्ती आणि घोष यांनी २००५ मध्ये वेगळे चित्र मांडले: दोन समांतर विभंगांवर जमीन आडवी सरकली, आणि त्या सरकण्याने मधे फट उघडून द्रोणी बनली. दोन्ही मतांत खचणे सारखेच आहे, बल लागण्याची दिशा वेगळी आहे. हा फरक तपशिलाचा वाटला तरी तो महत्त्वाचा आहे, कारण विभंग त्या काळात कोणत्या बाजूने सरकले हे कळले तर पुढे ते कसे सरकतील याचा अंदाज बांधता येतो.

पश्चिमेला एस. के. बिस्वास यांनी १९८७ मध्ये कच्छ, खंबायत आणि नर्मदा या तिन्ही खचदऱ्या क्रमाने उघडल्याचा आराखडा दिला. त्यात नर्मदेची पाळी सर्वांत शेवटी, क्रिटेशस काळाच्या अखेरीला येते. लमेटाचे थर साधारण याच काळातले, आणि इथे जबलपूरचा सर्वांत रंगलेला वाद येतो. लमेटाचे थर समुद्रकाठी साचले की जमिनीवर? १९६० च्या दशकापासून काही अभ्यासक त्यांना समुद्रकाठचे मानत होते. पुढे अशोक साहनी आणि एस. के. टंडन यांच्या गटांनी त्यांत जुन्या मातीचे थर, चुनखडीच्या गाठी आणि उथळ तळ्यांच्या खुणा दाखवल्या. आज जबलपूरच्या थरांबद्दल हेच मत मानले जाते. पण २००९ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीच्या थरांत समुद्री सूक्ष्मजीव सापडल्याचे गर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी जाहीर केले. लमेटा थर आणि डायनोसॉरच्या अंड्यांवर दीर्घकाळ काम केलेले धनंजय मोहबे त्या गटात होते. नर्मदा-तापीच्या दरीतून समुद्राची एक अरुंद जीभ आत शिरली असावी, असा त्यांचा तर्क. हा निष्कर्ष सर्वांना पटलेला नाही. तो खरा ठरला, तर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा भाग समुद्रसपाटीच्या फार वर नव्हता असे म्हणावे लागेल. आणि मग सातपुड्याची आजची उंची नंतरची ठरते.

तिसरा पक्ष : ही उठलेली जमीन आहे

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९८० च्या आसपास के. एल. कैला यांच्या पुढाकाराने मध्य भारतात काही लांबलचक ओळींवर स्फोट घडवून त्यांच्या लहरी मोजल्या. त्यांतली हिरापूर ते मंडला ही ओळ जबलपूरवरून जाते. कवचाची जाडी चाळीस किलोमीटरच्या आसपास निघाली, त्यात नवल नव्हते. नवल होते ते मधल्या पट्ट्यात. जबलपूरच्या वायव्येच्या कटंगीपासून जबलपूरपर्यंत, दोन विभंगांमधे, पाया खाली गेलेला नसून वर आलेला आढळला. शाळेच्या पुस्तकात जिथे खच आहे, तिथे लहरींना उठाव सापडला.

त्यावर सुचवले गेलेले एक उत्तर असे की, ताण असताना ज्या विभंगांवर जमीन खाली गेली, त्याच विभंगांवर दाब आल्यावर ती उलटी वर ढकलली गेली. भारतीय भूपट्ट आशियाला भिडल्यापासून हा दाब उत्तर-दक्षिण दिशेने लागतोच आहे. नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात बडोद्याच्या एल. एस. चम्याल यांच्या गटाने गाळाच्या पायऱ्या आणि कडे अभ्यासून अलीकडच्या काळातही असा उठाव चालू असल्याचे मांडले आहे.

दुसरे उत्तर दख्खनच्या लाव्ह्याकडे बोट दाखवते. तापी-सातपुड्याच्या पट्ट्यात गुरुत्व अपेक्षेपेक्षा जास्त भरते. ए. पी. सिंह आणि आर. माइसनर यांनी १९९५ मध्ये त्याचा अर्थ असा लावला की लाव्ह्याच्या काळात जड शिलारस कवचाच्या तळाशी साचून थिजला. कवच त्यामुळे जाड झाले आणि वर तरंगले. तसे असेल तर उठावाचे मुख्य काम लाव्ह्याबरोबरच झाले. पण जबलपूरच्या पूर्वेला मंडल्याकडे पसरलेल्या बेसाल्टमधे कुंडम, दिंडोरी आणि अमरकंटकच्या बाजूला तेच थर विभंगांच्या दोन बाजूंना दीडशे ते तीनशे मीटर वरखाली झालेले आढळतात. म्हणजे लाव्हा थिजल्यानंतरही जमीन हलली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. प्रत्येकीचा वाटा किती हे सांगता येत नाही.

तिसरे उत्तर सर्वांत दूरचे. रॉजर बिल्हॅम, रेबेका बेंडिक आणि वॉलेस यांनी २००३ मध्ये मांडले की हिमालयाच्या ओझ्याने भूपट्ट उत्तरेला वाकतो आणि परिणामी मध्य भारतात सुमारे ६७० किलोमीटर लांबीच्या लाटेसारखा फुगवटा येतो. त्याच्या दक्षिणेला पुन्हा उथळ द्रोण असतो. एक लांब लाकडी फळी एका टोकाला दाबली की मधे जशी किंचित वर येते, तसे. या कल्पनेचे बळ भूकंपांच्या स्पष्टीकरणात आहे, तिकडे आपण येऊच. सातपुड्याच्या बाबतीत मात्र ती तोकडी पडते असे मला वाटते. इतकी रुंद लाट सबंध मध्य भारताला थोडे उचलू शकेल. विंध्य आणि सातपुडा यांच्यामधली अरुंद दरी आणि तिचे सरळ काठ तिच्यातून निघत नाहीत.

भूकंपाने टाकलेली भर

२२ मे १९९७ ला पहाटे सव्वाचारनंतर जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे चाळीस माणसे गेली. शहरात आणि कोसमघाटसारख्या गावांत मोठी पडझड झाली. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर देशात आधुनिक भूकंपमापकांचे नवे जाळे उभे राहिले होते, आणि त्या जाळ्याची ही पहिली मोठी परीक्षा ठरली. त्यामुळे नाभीची खोली चांगली ठरवता आली: सुमारे ३५ किलोमीटर. किल्लारीचा भूकंप दहा किलोमीटरच्याही आत झाला होता. भूपृष्ठाच्या जवळ असणे हे तो जास्त प्राणघातक ठरण्याचे एक कारण होते.

सरकण्याची रीत दाबाची होती: दक्षिणेकडे उतरणाऱ्या विभंगावर वरचा भाग वर सरकला, थोडा आडवाही. जुना विभंग उलट दिशेने वापरला जातो आहे, हे तिसऱ्या पक्षाचे म्हणणे त्याने बळकट केले. बरगी धरणाच्या पाण्याने भूकंप झाला का, ही शंका कोयनेच्या अनुभवामुळे साहजिक होती; पण एवढ्या खोलीवर जलाशयाचा परिणाम पोहोचणे अवघड मानले जाते.

खोलीने मात्र नवा पेच उभा केला. ३५ किलोमीटरवर कवच गरम आणि मऊ असायला हवे; ते तुटण्याऐवजी हळूहळू वाकायला हवे. त्यातून या पट्ट्यात अनहोनी, तातापानी, सालबर्डी, उनपदेव असे गरम पाण्याचे झरे आहेत, म्हणजे खाली उष्णता असावी. तरीही तिथे खडक कडकपणे तुटला. तळाशी थिजलेला जड, कोरडा शिलारस कडक राहतो आणि ताण स्वतःत साठवतो, असे एक स्पष्टीकरण. फटींतल्या पाण्याने घर्षण कमी झाले असावे, असे दुसरे. झऱ्यांबद्दल असेही म्हणता येते की पावसाचे पाणी विभंगांतून खोल जाऊन तापून वर येते. त्यासाठी सबंध कवच गरम असण्याची गरज नाही. बिल्हॅम यांच्या फुगवट्यात हा पेच थोडा सुटतो, कारण फुगवट्याच्या वरच्या थरात ताण आणि खाली दाब अपेक्षित असतो, तर दक्षिणेच्या द्रोणात पृष्ठाजवळच दाब. जबलपूर खोल, किल्लारी उथळ, हे त्यात बसते. पण १४ मार्च १९३८ चा सातपुड्याचा भूकंप जबलपूरहून बराच दक्षिणेला, खानदेशच्या उत्तरेला झाला होता आणि तरीही तो खोल होता. दोन-तीन नोंदींवरून नियम बांधणे धोक्याचे, हे दोन्ही बाजू मान्य करतात.

नदीची साक्ष किती धरावी

सर्वांत अलीकडच्या हालचालींसाठी नदी आणि गाळ वाचावे लागतात, आणि इथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह मोठा असतो. जबलपूरच्या खाली नर्मदेचे मैदान रुंदावते, पण नदी स्वतः बराच काळ उत्तरेच्या विंध्याच्या कड्याला चिकटून वाहते. रुंद सपाटी तिच्या दक्षिणेला आहे. जमीन उत्तरेला झुकते आहे असे म्हणणारे यालाच पुरावा मानतात. पण तवा, शक्कर, दुधी, शेर या सातपुड्यातून येणाऱ्या नद्या इतका गाळ आणतात की त्यांनी मुख्य नदीला उत्तरेकडे रेटले, असेही तितक्याच सोपेपणाने म्हणता येते. भेडाघाटची घळ आणि धुआँधार यांचेही तसेच. उठावामुळे नदी खोल गेली, की कठीण संगमरवर आणि प्रचंड पूर यांनीच तिला असा आकार दिला? पुण्याचे विश्वास काळे आणि शरद राजगुरू यांनी अविजित गुप्त यांच्यासह १९९९ मध्ये नर्मदेचा जो आढावा लिहिला, त्यात खडकातल्या पात्राला घडवण्यात महापुरांचा वाटा ठळकपणे मांडला आहे. मला तो इशारा योग्य वाटतो. नदीचे प्रत्येक वळण आणि उतार विभंगांच्या खाती टाकण्याची सवय या क्षेत्रात जुनी आहे.

दक्षिणेला चित्र अधिक स्वच्छ आहे. मेळघाटाच्या पायथ्याशी गाविलगडचा विभंग सरळ रेघेत जातो. त्याच्या उत्तरेला चिखलदऱ्याचे पठार आहे, दक्षिणेला पूर्णेचे खोरे. अकोला-अमरावतीच्या शेतकऱ्यांना जो खारपाण पट्टा म्हणून ठाऊक आहे, तो याच खोऱ्यात आहे, आणि तिथे गाळाची जाडी काही ठिकाणी तीनशे मीटरांहून जास्त आहे. बेसाल्टच्या झिजलेल्या मुलखात एवढा गाळ साचतो, याला खाली सरकणाऱ्या तळाखेरीज दुसरे कारण देणे कठीण. तापीच्या बाजूची ही द्रोणी लाव्ह्यानंतरची आहे, यावर फारसा वाद नाही. ती अजून खचते आहे का, यावर आहे.

काय हातात नाही

तीन पक्षांची भांडणे जवळून पाहिली तर बरीचशी काळाच्या गोंधळातून आलेली दिसतात. सांध्याचे लोक अडीचशे ते शंभर कोटी वर्षांपूर्वीचे बोलतात, खचदरीचे पंचवीस ते सहा कोटी वर्षांपूर्वीचे, उठावाचे त्यानंतरचे. ते एकाच रेघेला एकाच वेळी वेगवेगळी नावे देत नाहीत. एकाच जागेच्या वेगवेगळ्या आयुष्यांबद्दल बोलतात. खरी उणीव शेवटच्या टप्प्याची आहे. सातपुड्याची धूपगडापर्यंतची सुमारे १,३५० मीटर उंची कधी आणि किती टप्प्यांत आली, यासाठी खडक पृष्ठाजवळ येताना केव्हा थंड झाले हे मोजावे लागते. ॲपेटाइटच्या कणांतल्या सूक्ष्म रेषांवरून ते मोजता येते, तर वैश्विक किरणांनी घडवलेल्या दुर्मीळ समस्थानिकांवरून पृष्ठ किती वेगाने झिजले ते कळते. हिमालयात आणि सह्याद्रीच्या कड्यावर असे काम झाले आहे. नर्मदेच्या दोन्ही काठांवरून, रेघ ओलांडून, त्याची सलग मालिका हवी आहे.

उपग्रहाधारित मोजणीत रेघेच्या दोन बाजू जवळजवळ सारख्याच वेगाने ईशान्येकडे जातात. त्यांच्यातला फरक मोजणीच्या चुकीच्या मर्यादेपेक्षा फारसा मोठा नाही. इतक्या मंद हालचालीत ताण साठायला शेकडो किंवा हजारो वर्षे लागतात, आणि आपली भूकंपाची लेखी नोंद तेवढी मागे जात नाही: शोण खोऱ्यातला १९२७ चा, सातपुड्यातला १९३८ चा, भडोचचा १९७० चा आणि जबलपूरचा १९९७ चा हे ठळक भूकंप. उथळ भूकंपांची जुनी पाने विभंगावर खंदक खणून वाचता येतात. ३५ किलोमीटरवर झालेला भूकंप पृष्ठावर विभंग फोडतच नाही, म्हणून ती वाट इथे बंद आहे. गाळात थरथरीने उसळलेल्या वाळूच्या खुणा शोधणे हा एक पर्याय उरतो, आणि तिथे वय ठरवायला मदत करू शकेल असा एक ओळखीचा थर आहे: सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीने पाठवलेली राख नर्मदा आणि शोण या दोन्हींच्या गाळात सापडली आहे. २००२ च्या भारतीय मानकाने जबलपूरला भूकंपाच्या तिसऱ्या विभागात ठेवले. पुढचा हादरा किती मोठा आणि किती वर्षांनी, याचा अंदाज मात्र अजून या चार-पाच नोंदींवरूनच बांधावा लागतो.